हॉलमधला कॉम्प्युटर

1998 ते 2005च्या दरम्यान ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना तो कुठे ठेवला होता हे विचारावं लागत नाही. हॉलमध्ये. फोनची वायर पोचेल आणि आल्यागेल्याला दिसेल अशा बेताने. आईने त्याला झालरीचं कव्हर शिवलेलं असायचं. दसऱ्याला सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक आणि मॉनिटरला झेंडूचा हार. कीबोर्डवर सांडलेली हळद बटणांच्या फटीत पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकायची.

त्याआधी ‘असेंबल्ड की ब्रँडेड’ यावर घरात महिनाभर खल झालेला असायचा. शेवटी आत्याच्या यजमानांच्या ओळखीतला एखादा मुलगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून द्यायचा. 64 एमबी रॅम, 10 जीबीची हार्डडिस्क. एवढी मोठी डिस्क भरायची कशाने, ही वडिलांची चिंता अगदी खरी होती.

मी आता पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो, आणि सॉफ्टवेअरबद्दलची माझी बरीचशी मतं त्या हॉलमध्येच तयार झाली. यंत्र एक, खुर्ची एक, वापरणारी पाचसहा माणसं. त्यामुळे खुर्चीच्या मागे कायम कोणीतरी उभं असायचं आणि पुढे काय दाबायचं ते सांगत असायचं. पासवर्ड नसायचाच. असलाच तर शेजारच्या काकूंनाही ठाऊक असायचा.

आजोबांची पिढी या यंत्राला घाबरते असं तेव्हा सर्रास बोललं जाई. आमचे आजोबा आठवड्याभरात सरावले, ते सॉलिटेअरमुळे. हा पत्त्यांचा खेळ विंडोजमध्ये 1990पासून होता. काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी ओढून नेता नेता माउस हातात कधी बसला ते त्यांनाही कळलं नाही. शिकवणी नाही की माहितीपत्रक नाही. ज्याला वापरायला शिकवावंच लागत नाही ते सॉफ्टवेअर उत्तम, हे मत मी नंतर पुष्कळ जाड पुस्तकांत वाचलं. त्याआधी ते आजोबांच्या मागे उभं राहून पाहिलं होतं.

त्या माउसच्या पोटात रबरी गोळी असे. बाण अडखळायला लागला की माउस उलटा करायचा, खालची चकती फिरवून गोळी काढायची आणि आतल्या बारीक रुळांवर गुंडाळलेला काळा मळ नखाने खरवडायचा. वळकटीसारखा तो सलग निघाला की काय समाधान मिळायचं! त्या मळात चादरीचा दोरा, मांजराचा केस आणि चकलीचा तुकडा असं सगळं निघे.

दुसरं घरगुती काम म्हणजे डीफ्रॅग. डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र लावायचे. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागा बदलत आणि घरातली माणसं चहाचे कप घेऊन ते पाहत बसत. पहिल्या बाकावर जागा मिळावी म्हणून भांडणंसुद्धा होत.

आणि भारनियमन. चौथ्या पानावर आलेला प्रोजेक्ट रिपोर्ट एका क्षणात काळोखात जायचा. वीज परत आली की विंडोज 98 निळा पडदा दाखवून सुनावायचं, मला नीट बंद केलं नाहीत, आता तपासणी करतो. वीज गेली दुसऱ्याकडून आणि ओरडा आपल्याला. वापरणाऱ्यावर डाफरणारा संदेश मी आजही लिहीत नाही, आणि नव्या पोरांनी लिहिला तर खोडतो. कंट्रोल-एसचं मात्र व्यसनच लागलं. आपोआप साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा आपल्या वयाची माणसं दर वाक्याला दोन बटणं दाबतात. पाहा कधी लक्ष देऊन.

इंटरनेट 15 ऑगस्ट 1995ला विदेश संचार निगमने सर्वांसाठी खुलं केलं, पण बहुतेक घरांत पोचायला आणखी चारपाच वर्षं गेली. मोडेमचा तो खरखराट, शिट्ट्या, आणि आतून आईने समांतर फोन उचलला की सगळं मुसळ केरात. मग 2005मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. एका लोकप्रिय योजनेत रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड मोफत. वेग सेकंदाला 256 किलोबिट, म्हणजे 700 एमबीची एक सीडी उतरायला सव्वासहा तास. मिळणारा वेळ सहा तास. या पाव तासाच्या फरकानेच आमच्या पिढीला अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत कळली.

उबंटूवाल्यांनी यातून सोडवलं. मागणी नोंदवली की ते आपल्या लिनक्स प्रणालीच्या सीड्या घरपोच मोफत पाठवत, टपालखर्चासकट. पोस्टमनने परदेशी पाकीट आणलं तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला, ‘‘किती द्यायचेत त्याला?’’ काही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘फुकट कोण देतं रे? पुढे मागतील.’’ उबंटूने त्या सीड्यांचे पैसे कधी मागितले नाहीत. पण नंतर जे जे फुकट आलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी पुढे वेगळ्या मार्गाने वसूल केलं. आजीला निम्मे गुण द्यावेच लागतात. त्या सीड्या पुढे गॅलरीत कबुतरं हाकलायला लटकल्या.

याच सुमाराला परगावची, परदेशातली मराठी माणसं हॉलमध्ये येऊ लागली. मायबोली हे मराठी संकेतस्थळ 1996पासून होतं. तिथे अमेरिकेतल्या कोणाला पुरणपोळीची कणीक सैल का होते ते विचारायचं असे आणि उत्तर आई देई, म्हणजे ती सांगे आणि आम्ही टाइप करू. शुद्धलेखनावरून तिथे होणारी भांडणं मला अजून आवडतात, कारण दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकमेकांना डाळीचं प्रमाण विचारत. नंतरच्या ऑर्कुटवर माणसं ओळखीची होती आणि भांडणं मिळमिळीत. ते 2014मध्ये बंद झालं, त्याचं सुतक मी तरी पाळलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल मी इथे लिहिणार नाही, सगळे त्यात आहेत.

आता आईकडे तिचा स्वतःचा फोन आहे. तरी आठवड्यातून एकदा विचारणा होतेच. ‘‘अरे, मधोमध काहीतरी आलंय. ओके करू का?’’

‘‘वाचून दाखव.’’

ती वाचते. कुकीज, भागीदार, सहमती, प्राधान्यक्रम, अधिक जाणून घ्या. हा चौकोन ज्याने लिहिला त्याच्या खुर्चीमागे कोणाची आई कधी उभी राहिली नसणार, एवढं मला लगेच कळतं.

‘‘बंद करून टाक,’’ मी म्हणतो.

‘‘कशी करू? फुलीच दिली नाहीये त्यांनी.’’