भिशी, संगणक आणि आम्ही चौघे

एस. वाय. बी. ए.

माणसाला सल्ला देण्याची हौस किती असते हे ज्याला पाहायचे असेल, त्याने आपण संगणक घेणार असल्याचे सकाळच्या लोकलमध्ये एकदा जाहीर करावे. मी हे धाडस डोंबिवलीला गाडीत चढता चढता केले. कोपर येईपर्यंत तीन कंपन्यांची नावे सुचवून झाली, दिव्याला प्रोसेसरवरून दोघींची जुंपली, आणि कळव्याला एका मावशींनी आपल्या भाच्याचा लॅपटॉप सहा महिन्यांत कसा बंद पडला याची करुण कहाणी सुरू केली. ती संपण्याआधी ठाणे आले म्हणून बरे! एवढ्या सल्ल्यांत एकच गोष्ट कोणी विचारली नाही, ती म्हणजे, "बाई, तुला त्यावर करायचे काय आहे?"

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातात. आई पोळी-भाजी केंद्रासाठी चपात्या लाटते. (घरात असते तोवर ती चपाती, केंद्रात पोचली की तिची पोळी होते!) धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. आईच्या भिशीत बारा बायका, महिना दोन हजार रुपये. तिचा नंबर लागला आणि चोवीस हजार रुपये एकदम घरात आले. आमच्याकडे असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो, म्हणून त्या पैशांना वाटा पुष्कळ फुटतात. या वेळी आईने आपण होऊन सांगितले, "पोरांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा."

बाबांचा प्रश्न सरळ होता. "मोबाईल आहे ना? मग आणखी कशाला?" वास्तविक त्यांचे चुकीचे नव्हते. वाचणे, बघणे, बोलणे ही सारी कामे मोबाईलवर होतात. पण वीस पानांचा प्रकल्प त्या बोटभर पडद्यावर लिहायचा, त्यात तळटीपा द्यायच्या, आणि एका परिच्छेदाची जागा बदलायची म्हटली, की डोळे आणि मान दोन्ही संपावर जातात. मी त्यांना एक पान मोबाईलवर लिहून दाखवले. ते शेजारी बसून पाहत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "बरं, घेऊ."

एक काळ असा होता की निवडीचा प्रश्नच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याची स्मृती होती चाळीस बिटांच्या २०४८ शब्दांची. आज आठ जीबी रॅमच्या साध्या यंत्रात त्याच्या आठ लाख पटींहून अधिक माहिती मावते. म्हणजे आपल्यासारख्यांच्या कामाला आजचे साधे यंत्रही पुरून उरते. प्रश्न शक्तीचा राहिलेला नाही. आपल्या घराला कोणते यंत्र बसते, एवढाच आहे.

म्हणून मी वहीचे एक पान घेतले आणि त्यावर चार रकाने आखले. घरातल्या प्रत्येकाचा एक. माझ्या रकान्यात मराठी टंकलेखन आणि संदर्भग्रंथांचे वाचन. भावाच्या रकान्यात अभ्यासाचे व्हिडिओ (आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले 'गेम'). बाबांच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक पाहणे. आईचा रकाना रिकामा राहिला. "माझं काय असणार त्यात!" असे म्हणून ती पीठ मळायला उठली.

या यादीवरून दुकानातली निम्मी भाषा आपोआप गळून पडली. महागडे ग्राफिक्स कार्ड नको होते. उरल्या दोन गोष्टी, रॅम आणि साठवण. त्या आईला समजावताना मलाच नीट समजल्या. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि साठवण म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की परात उचलून तवा ठेवायचा, तवा उचलून डबा ठेवायचा. यंत्र 'हळू चालते' ते बरेचदा यामुळेच. म्हणून रॅम आठ जीबीपेक्षा कमी नको. फडताळ फिरत्या तबकडीचे, म्हणजे हार्ड डिस्कचे न घेता एसएसडीचे घ्यावे; वस्तू चटकन हाती लागते. जागा २५६ जीबी असली तरी आमच्या चौघांना पुरे.

मग बाबांच्या सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही दोघे हिंडलो. डोंबिवली झाली, कल्याण झाले, शेवटी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण संगणकवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. तिथे कचेऱ्यांतून निघालेली जुनी यंत्रे साफसूफ करून मिळतात. त्यांत एक मेख आहे, ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्याहून जुने यंत्र फार स्वस्त दिसते. ते लिनक्सवर उत्तम चालेलही. पण विंडोजच हवे असेल तर पिढी विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

खरा पेच पुढेच होता. लॅपटॉप की डेस्कटॉप? खरे सांगायचे तर माझे मन लॅपटॉपवर होते. आमची खोली दहा बाय बाराची. त्याला टेबल लागत नाही. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो. ग्रंथालयात नेता येतो. आणि खांद्याला ती काळी बॅग अडकवून महाविद्यालयाच्या फाटकातून आत जावे, असे मला का वाटू नये?

पण चार रकान्यांचे ते पान समोर होते. लॅपटॉप सकाळी सातला माझ्याबरोबर बाहेर पडणार आणि संध्याकाळी परतणार. म्हणजे दिवसभर तीन रकाने कोरडे. मी हे मोठ्याने बोलत होते तेव्हा आई लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "तो दुसरा, टेबलावरचा, घरातच राहील ना? मग दुपारी मला शिकव. केंद्रवाल्यांचा आकडा आणि माझा आकडा दर महिन्याला जुळत नाही."

आई सातवी शिकलेली. चपात्यांचे आकडे ती कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते. तिच्या रकान्यात काय लिहायचे ते मला त्या दिवशी कळले. लॅपटॉपचा विषय मीच संपवला.

आठव्या पिढीचा, पाठ्यपुस्तकाएवढा छोटा डेस्कटॉप आम्हाला तेरा हजारांना पडला. दुकानदाराची वर्षाची हमी आणि पक्के बिल घेऊन. नवा मॉनिटर सहा हजार तीनशे, यूपीएस दोन हजार आठशे, कळफलक आणि माऊस सातशे. एकूण बावीस हजार आठशे. भाऊ म्हणत होता, मॉनिटर कशाला, टीव्हीलाच जोडू. जोडता आलाही असता. पण संध्याकाळच्या मालिकांच्या वेळी आमच्या घरात ते संकट कोणी ओढवून घ्यावे!

आता आई दुपारी तासभर त्यापुढे बसते. इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजने उजवीकडे. बाराखडी येणाऱ्याला ती मांडणी पटते. एका बोटाने का होईना, ती तारीख, चपात्या आणि रुपये अशा तीन रांगा भरते. गेल्या महिन्यात तो कागद छापून घेऊन ती केंद्रात गेली. फरक होता चाळीस चपात्यांचा. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि पैसे दिले.

मला मात्र ग्रंथालयात अजून हातानेच टिपणे काढावी लागतात आणि घरी येऊन ती पुन्हा टंकावी लागतात. बॅगेचा मोह सुटला आहे असेही नाही. परवा बाबांनी विचारले, "पुढच्या भिशीला तुझा लॅपटॉप घ्यायचा का?" मी म्हटले, "बाबा, पुढच्या वर्षी धाकट्याच्या कॉलेजची फी असेल. आधी पान आखू."