हंगामापुरते

कोस्तास कात्सुरानिस हा ग्रीक फुटबॉलपटू आयुष्यभरात कुठकुठल्या संघांकडून खेळला, त्याची यादी वाचत होतो. पानाखाइकी, एईके अथेन्स, बेन्फिका, पानाथिनाइकोस, पाओक. आणि मग एकदम पुणे. पात्रास, अथेन्स, लिस्बन, सालोनिका, पुणे! आम्हा बारामतीकरांना पुणं म्हणजे पहाटेची एसटी धरून जायचं आणि रात्री जेवायला घरी परतायचं गाव. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, पोराची ॲडमिशन. युरोप जिंकलेला माणूस तिथं कामाला आला होता आणि आपण त्याच दिवसांत स्वारगेटला रसवंतीसमोर उभे असू, हे काही केल्या मनातून जाईना.

कात्सुरानिस मधल्या फळीतला, त्यातही बचावाकडे झुकलेला. फुटबॉलमधली ही जागा मला फार आवडते. गोल करून जर्सी काढत सुसाट पळणाऱ्यांचं मला तितकंसं कौतुक नाही. या जागेवरचा माणूस पंगतीत पाणी वाढणाऱ्यासारखा असतो. डोळे सगळ्यांचे जिलबीवाल्याकडे. पण पाणीवाला दोन मिनिटं दिसेनासा झाला की अख्खी पंगत ठसकायला लागते. समोरच्याची चाल आधी ओळखायची, त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि पाच पावलांवरच्या आपल्या माणसाला देऊन मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात याचं नाव शोधावं लागतं.

२००४ची युरो स्पर्धा आठवते का? तोवर कुठल्याही मोठ्या स्पर्धेत ग्रीसनं एकही सामना जिंकला नव्हता. ओटो रेहागेल नावाच्या जर्मन प्रशिक्षकानं या संघाला शिस्तीत बांधलं आणि त्यांनी यजमान पोर्तुगालला पहिल्या सामन्यात हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला हरवलं आणि ४ जुलैला लिस्बनच्या लूझ मैदानावर अंतिम सामन्यात पुन्हा पोर्तुगालला हरवलं. ५७व्या मिनिटाला खारिस्तेआसनं डोक्यानं मारलेला तो एकच गोल. एकोणीस वर्षांचा क्रिस्तियानो रोनाल्दो मैदानावरच रडला. त्या दिवशी ग्रीसच्या मधल्या फळीत पहिल्या मिनिटापासून कात्सुरानिस होता.

खरी गंमत पुढेच आहे. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, तो बेन्फिकाकडून खेळायला लिस्बनला गेला. बेन्फिकाचं घरचं मैदान कोणतं, तर लूझ. जिथं त्यानं यजमानांच्या तोंडचा घास काढून घेतला होता तिथंच तो तीन वर्षं पगारावर राबला. त्याला तिथं शिकवणारा फर्नांडो सांतोस पोर्तुगीज. तोच पुढे ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, आणि त्यानंतर २०१६ मध्ये त्यानं पोर्तुगालला युरो जिंकून दिला. जर्मनानं ग्रीकांना पोर्तुगीजांना हरवायला शिकवायचं आणि पोर्तुगीजानं येऊन ग्रीकांचा संघ सांभाळायचा. या धंद्यात आपलं-परकं हा हिशेब हंगामापुरताच असतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तर असा हा माणूस २०१४च्या जूनमध्ये ब्राझीलच्या विश्वचषकात खेळत होता. जपानविरुद्ध पूर्वार्धातच दुसरं पिवळं कार्ड मिळून तो बाहेर गेला. ऑक्टोबरात, वयाच्या पस्तिशीत, तो पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर हजर. इंडियन सुपर लीगचं ते पहिलंच वर्ष आणि एफसी पुणे सिटी हा नवाकोरा संघ. त्याच संघात फ्रान्सचा दाविद त्रेझेगे. म्हणजे २००४च्या त्या उपांत्यपूर्व सामन्यात समोरासमोर उभे असलेले दोघे दहा वर्षांनी पुण्यात एका रंगाची जर्सी घालून एकमेकांना चेंडू देत होते. दुसऱ्याच सामन्यात मुंबईनं पुण्याला ५-० असं धुतलं. पण दिवाळी नुकती सरली असताना बालेवाडीत गोव्याविरुद्ध २-० असा पहिला विजय मिळाला, त्यात एक गोल त्रेझेगेचा आणि एक चक्क आमच्या पाणीवाल्याचा. आठ संघांत पुणे सहावं आलं. डिसेंबरात लीग संपली, तो गेला. आधी मायदेशी अत्रोमितोस, मग थेट मेलबर्नचा एक संघ. पुण्याचा संघही टिकला नाही. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादकडे गेली.

हे सगळं मी इंदापूरकडच्या एका मित्राला मोठ्या उत्साहानं सांगितलं. गडी जातिवंत कबड्डीवाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अरे, उतारवयात चार पैशांसाठी आलेला माणूस तो. त्याला पुण्याचं काय पडलंय?”

हा प्रश्न आपल्याकडे फार चटकन येतो. जत्रेच्या आखाड्यात शेवटच्या कुस्तीला हरियाणा-पंजाबचा मल्ल बोलावतात, बोली ठरवून बोलावतात, आणि त्यानं गावच्या देवाला हात जोडले की पब्लिक खूश होतं. त्याला आमच्या देवाचं काय पडलंय, असं तिथं कुणी विचारत नाही. भिगवणला, कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. त्यांच्यासाठी आपण नावाड्याला पैसे देतो, दुर्बिणी लावतो, पहाटेची झोप मोडतो. ते काय उजनीवरच्या प्रेमानं येतात? खायला मिळतं म्हणून येतात. आणि ज्या पाण्यावर ते उतरतात त्याखाली कुणाकुणाची गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं तेव्हा ती आठवतात. पक्ष्याला निष्ठा विचारायची नाही, माणसाला मात्र विचारायची, हा न्याय मला पटत नाही.

आणि आमच्या भागानं तर हा निष्ठेचा प्रश्न मुळीच विचारू नये. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर असे कारखाने उभे राहिले. पण हा ऊस तोडतं कोण? दरवर्षी दिवाळीच्या आगंमागं बीड, पाथर्डी, जालना, परभणीकडून माणसं येतात, फड रिकामे करतात आणि पाडव्याच्या सुमाराला निघून जातात.

माझं लहानपण भवानीनगरच्या कारखान्याच्या भोंग्यावर गेलं. आमच्या मळ्याला लागून ओढा, ओढ्याच्या पलीकडे पडीक रान. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की तिथं टोळी उतरायची. टायरच्या बैलगाड्या, त्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी, म्हातारी, तान्ही पोरं. संध्याकाळपर्यंत बांबू आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहायच्या, कडेनं पाचट लावायचं, समोर तीन दगडांची चूल. अंधार असतानाच फडातून कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. बुडख्यात साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. ते वाकणं दिवसभर चालायचं. पुरुष तोडायचा, बाई पाचट काढून मोळ्या बांधायची. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात एक ‘कोयता’. ट्रक आला की त्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाया अरुंद फळीवरून वर चढायच्या. आम्ही पोरं खाली उभी राहून श्वास रोखायचो. त्यांच्यातली कुणी खाली बघताना मला दिसली नाही.

वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायचा हक्क त्यांचा. आमच्या म्हशीसाठी पेंढ्या आणायला आजी मला सोबत न्यायची. आजी काही संतीण नव्हती. पेंढीमागं चार आण्यांसाठी ती मनसोक्त हुज्जत घालायची. पण हुज्जतीच्या आधी तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

“अगं, गाव कोणतं तुझं?”

“धारूरकडं हाय, आजी.”

“मग पाऊस कसाय औंदा तिकडं?”

पाऊस नसायचाच, असता तर ती बाई इथं कशाला आली असती? पण त्यानंतर ती आजीच्या तोंडी धारूरवाली व्हायची, दुसरी पाटोद्याची, तिसरी केजची. बीड जिल्ह्याचा नकाशा मी भूगोलाच्या पुस्तकात पाहिला त्याच्या कितीतरी आधी ओढ्याकाठी पाठ केला होता.

धारूरवालीचा मुलगा माझ्याच वयाचा. आईबाप फडात, हा धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभा असायचा. आमच्या गुरुजींनी एके दिवशी दोघांनाही आत घेतलं. हजेरीत नाव नाही, पण बसायला पोतं दिलं. गणितात तो यथातथा, मात्र मधल्या सुट्टीत खो-खो सुरू झाला आणि त्यानं खांबावर सूर मारला. आम्ही तोवर खांबाला वळसा घालून पळणारे. हा मात्र दोन ढांगा आधीच अंग झोकून द्यायचा, एका हातानं खांब धरायचा आणि छातीवर पडता पडता पलीकडच्याला बाद करायचा. कोपरं सोलवटलेली, तोंडभर माती आणि चेहऱ्यावर काहीच विशेष नाही. आधी आम्हाला हेवा वाटला. मग तो दुपारच्या सुट्टीत एकेकाला शिकवू लागला: पाय कधी सोडायचा, हनुवटी कशी वर ठेवायची, हात आधी की छाती. बहीण तोवर लिंबाखाली आमची दप्तरं राखत बसायची.

तालुक्याच्या स्पर्धेत त्याला खेळता येणार नव्हतं, कारण कागदावर तो आमच्या शाळेत नव्हताच. इंदापूरला आम्ही गेलो ते त्याच्याशिवाय. पहिल्याच सामन्यात आमच्यातल्या तिघांनी खांबावर सूर मारले. समोरच्या शाळेचे सर आमच्या गुरुजींना विचारत होते, “पोरांना हे कुणी शिकवलं?” गुरुजी म्हणाले, “आहे एक आमचा.” तो ‘आमचा’ मला अजून ऐकू येतो.

मार्चमध्ये टोळी हलली. पुढच्या वर्षी ओढ्याकाठी वेगळीच माणसं आली. धारूरची टोळी दुसऱ्या कुठल्या कारखान्याला गेली असं मुकादमाकडून कळलं. पण आमच्या शाळेत खांबावर सूर मारणारी पोरं पुढं कितीतरी वर्षं निपजत राहिली. एकमेकांकडून शिकत गेली. त्यांच्यातल्या कुणालाच धारूर माहीत नसेल.

फुटबॉलपटूचा करार आणि कोयत्याची उचल यांना मी एका तागडीत घालत नाही. दोन्हीत पैसे आधी मिळतात आणि अंग नंतर झिजतं, एवढंच साम्य. खेळाडू कळवळून पडला तर फिजिओ पेटी घेऊन मैदानात धावतो. ऊसतोड बाई तापानं पडून राहिली तर तिचा खाडा धरतात आणि दंड वळता करून घेतात. पस्तिशीतल्या ग्रीक माणसानं चार पैसे जास्त मिळतील म्हणून पुण्याला यावं, यात त्याला हवं ते निवडता आलं. धारूरवालीला काय निवडता आलं होतं?

मित्राच्या प्रश्नाला मात्र मला उत्तर सापडलं आहे. कात्सुरानिसला पुण्याचं काय पडलं होतं, ते मला ठाऊक नाही आणि त्याची चौकशी करायचा मला हक्कही वाटत नाही. तो आला, हंगामभर मधल्या फळीत उभा राहिला, विशी-बाविशीतल्या आपल्या पोरांशेजारी रोज सराव करत राहिला, एका संध्याकाळी गोल मारून गेला. हंगामापुरत्या आलेल्या माणसाकडे हंगामाचंच काम मागावं. ते त्यानं केलं असेल तर तो तेवढ्यापुरता आपला, पूर्णपणे आपला. जन्मभर गावात राहून वाटेतला चेंडूही न अडवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या निष्ठेची चौकशी कधी होत नाही.

अलीकडे आमच्याकडच्या मोठ्या फडांत हार्वेस्टर दिसू लागले आहेत. पण टोळ्या अजून येतात. यंदाही येतील. बांधावर उभं राहून तुम्ही खुशालीच्या, म्हणजे तोडणाऱ्यांना वरून द्यायच्या, पैशांवरून कटकट कराल, ट्रक उशिरा आला म्हणून चिडाल; ते चालायचंच. पण हुज्जत सुरू करण्याआधी त्यांचं नाव विचारा, गाव विचारा. आणि बरोबर शाळेच्या वयाचं पोर असेल तर त्याला जवळच्या वर्गात नेऊन बसवा, आणि गुरुजींना सांगून त्याचं नाव हजेरीत घाला.