पाट परत आला नाहीं

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमचा पुतण्या परदेशीं नोकरीस असतो. त्याच्या मुलीचें उष्टावण तिकडेच व्हावयाचें होतें. वहिनींच्या मनानें घेतलें कीं, नातीला पहिला घांस घरच्याच पाटावर बसवून भरवावा. केदारखेड्याच्या आमच्या मळ्यांत वडिलांनीं लावलेली बाभूळ वादळांत पडली होती. तिच्या फळ्यांचा पाट सुताराकडून करवून वहिनींनीं तो मुलाच्या सामानांत घातला.

चौथ्या दिवशीं दूरध्वनि आला. तिकडील विमानतळावर तपासनिसांना पाटाच्या खालच्या अंगास टांचणीच्या टोंकाएवढीं छिद्रें आढळलीं, आणि त्यांतून पिठासारखा भुगा गळत होता. पाट जप्त झाला. तो जाळला जाणार होता.

वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्याशा छिद्रांसाठीं मामंजींची आठवण जाळायची? हा कसला कायदा!"

वाईट मलाहि वाटलें. परंतु त्या कायद्यास निर्दय म्हणण्यास माझी जीभ रेटेना. त्याचें कारण आमच्याच बांधावर घडलेलें आहे.

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत सुबाभळीचा मोठा गाजावाजा होता. चारा, जळण व जमिनीस खत अशी तिची ख्याति. हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. वडिलांनींहि बांधावर एक रांग लावली. तिच्या पाल्यावर दोन शेळ्या व एक म्हैस सुखानें पोसत. पुढें तिच्याच मुलखांतला एक रसशोषक किडा, दोन मिलिमीटरहूनहि लहान, महासागर ओलांडून निघाला. १९८४ सालीं तो हवाई बेटांत दिसला, आणि १९८८ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत पोहोंचला. लवकरच आमच्या रांगेचे कोंवळे शेंडे चिकट होऊन काळवंडले व पानें झडलीं. वडील रोज सकाळीं बांधावर जाऊन उभे राहत व कांहीं न बोलतां परत येत. त्या वर्षीं म्हैस विकावी लागली.

तो किडा कोणी वैरभावानें पाठविला नव्हता. परंतु मायदेशीं त्यास खाणारे भुंगेरे होते. येथें कोणीच नव्हतें. पुढें शास्त्रज्ञांनीं तसला एक भुंगेरा मुद्दाम आणून सोडला. तथापि घरांत शिरलेला चोर हुसकण्यापेक्षां दाराची कडी लावणें सोपें, हें आपल्या गृहिणींस मीं काय सांगावें?

ही कडी आपल्या देशासहि आहे. १९१४ सालीं विध्वंसक कीटकांविषयींचा कायदा झाला. २००३ सालच्या आदेशानें रोपें, बियाणें व लांकूड बाहेरून आणण्यास परवाना आणि निघाल्या देशाचा आरोग्यदाखला आवश्यक ठरला. कोणत्या मालाबरोबर कोणती कीड येऊं शकेल, याचा विचार आधींच करावयाचा, हें या व्यवस्थेचें मर्म. खोक्यांच्या लांकडासहि सूट नाहीं. तें गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेवर ३० मिनिटें तापवून, किंवा मान्य असलेल्या दुसऱ्या उपायानें निर्जंतुक करून, त्यावर शिक्का मारावा, असा आंतरराष्ट्रीय नियम २००२ सालीं झाला. त्यामागेंहि अनुभव आहे. चीनकडील एक लांब मिशांचा भुंगेरा खोक्यांच्या लांकडांतून अमेरिकेस गेला. १९९६ सालीं तो न्यूयॉर्कमध्यें आढळला, आणि पुढें तेथील हजारों झाडें तोडावीं लागलीं.

हें सर्व मीं वहिनींस सांगितलें. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या पाटांतला किडा तिकडच्या कोणाच्या बांधावर गेला असता." मीं मान हालविली. बाभळीच्या कच्च्या लांकडास भुंगा लागतो, हें आम्हांस ठाऊक होतें. फळ्या नीट पाहून घेण्याचें मात्र कोणासहि सुचलें नाहीं, मलाहि नाहीं.

कायद्याची नजर प्रत्येक पिशवींत पोहोंचत नाहीं, हें खरें. बंदरावर अधिकारी कितीहि दक्ष असले, तरी खिशांतली एक काडी, रुमालांतलें एक बीं सहज निसटतें. तेथें माणसाचा विवेक हाच पहारेकरी.

नातीचें उष्टावण तिकडील दुकानांतून आणलेल्या साध्या पाटावर झालें. घांस मामानें भरविला, आणि वहिनींनीं तो सोहळा येथूनच पाहिला. त्याच रात्रीं त्यांनीं मुलास निरोप दिला. अंगणांत लावण्यासाठीं तिकडच्या जांभळ्या फुलांचा एक कंद आण, असें त्यांनीं त्यास पूर्वीं सांगितलें होतें.

"तो कंद नको रे बाबा आणूंस," त्या म्हणाल्या. "आमच्या अंगणांत मोगरा आहे. तो पुरे."