आत माणूस असलेला राक्षस

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहिलेल्या पिढीला मनगटाशी बोलायची खोड लागली होती. घड्याळ नसलं तरी अडायचं नाही. बॉलपेनने काढलेलं चालायचं. जॉनी सोको नावाचं पोरगं घड्याळात हुकूम सोडायचं, की इजिप्तच्या राजासारखा मुकुट घातलेला पोलादी धिप्पाड गडी आकाशात झेपावायचा आणि बोटांमधून क्षेपणास्त्रं सोडायचा. समोरचे राक्षस तरी कसे? एक नुसताच डोळा, एक नुसताच गोळा! मालिका होती १९६७-६८ सालची. जपानमध्ये ती शिळी होऊन गेली होती, आमच्या चाळीत मात्र तिच्यासाठी अभ्यास लवकर उरकला जायचा.

आता मी बहरीनमध्ये, माहूजला राहतो. आमच्या मजल्यावरचे बहरीनी गृहस्थ माझ्याच वयाचे. त्यांच्या लहानपणी जपानी यंत्रमानव अरबी बोलत आला. ‘ग्रेंडायझर’ची अरबी आवृत्ती बैरूतमध्ये तयार झाली होती. सामी क्लार्क यांनी गायलेलं तिचं शीर्षकगीत हे गृहस्थ लिफ्टमध्येसुद्धा पूर्ण म्हणून दाखवतात. माझी भाषा त्यांना येत नाही, त्यांची मला जेमतेम. तरी मनगट तोंडाशी नेऊन मी जॉनीचा अभिनय केला, तेव्हा ते पोट धरून हसले.

या सगळ्या गोतावळ्याचा मूळपुरुष गॉडझिला. गंमत म्हणजे तो अजिबात गमतीचा नव्हता. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सर्गी राख जपानी मच्छीमार बोटीवर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा चित्रपट आला, तो हीच जखम घेऊन. बाहुली एकेक चौकट हलवून चित्रण करायला हाताशी वेळ नव्हता, म्हणून एइजी त्सुबुराया यांनी माणसालाच रबरी कातड्यात घातलं. पहिला पोशाख शंभर किलोच्या घरातला. आत हारुओ नाकाजिमा, वर स्टुडिओचे दिवे, अंगातून घामाच्या धारा. चित्रण जलद गतीने करून पडद्यावर ते सावकाश दाखवायचं, म्हणजे पावलाला वजन येतं. आणि ती काळीज चिरणारी डरकाळी? डबल बासच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून काढलेली!

पुढे राक्षसाचं वय वाढलं तसा तो पोरकट होत गेला. १९६५ मध्ये परग्रहावर शत्रूला पळवून लावल्यावर त्याने आनंदाने चक्क उड्या मारल्या. १९७३ च्या ‘गॉडझिला विरुद्ध मेगालॉन’मध्ये तर कळसच. शेपटीवर घसरत, दोन्ही पाय पुढे करून तो शत्रूच्या छाताडात लाथ घालतो. एकदा घालून समाधान होत नाही, म्हणून पुन्हा घालतो. आपल्या मुंबईलाही मोह आवरला नाही. १९६६ मध्ये बलवंत दवे यांनी ‘गोगोला’ काढला. हिंदी चित्रपटातला राक्षस, म्हणजे गाणी आलीच.

पाठीवरची चेन दिसते, तारा दिसतात, पुठ्ठ्याचा पूल कोसळतो, तरी आम्ही श्वास रोखून का बसायचो? कोकणातल्या दशावताराचा संकासुर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही. काळ्या वेशात कोण आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं. सकाळी त्याच्याच दुकानातून साखर आणलेली असते. तरी तो अंगावर आला की पोरं आईच्या पदराआड. भीती खरी आणि हसूही खरं. माणूस दिसतो म्हणून राक्षस खोटा ठरत नाही, उलट तो आपल्यातला होतो.

आताचा राक्षस संगणकात जन्मतो. त्याला नावं ठेवायची सोय नाही. २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’ जेमतेम पस्तीसेक कलाकारांच्या चमूने घडवला आणि पुढच्या वर्षी दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळवलं. तो इथे घरीच पाहताना माझी लेक हललीसुद्धा नाही. संपल्यावर म्हणाली, “भारी होता.” आणि झोपायला गेली. त्या कौतुकाला पुढे वाट नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तिला मेगालॉनला बसलेली लाथ दाखवली. “बाबा, हा तर माणूस आहे!” ती किंचाळली आणि मग ती लाथ इतक्या वेळा मागे नेऊन पाहिली, की आतून विचारणा झाली, “काय चाललंय तुमचं?” आखातातल्या घरात खोक्यांना तोटा नसतो, कुणी ना कुणी गाशा गुंडाळून कायमचं परत जातच असतं. तासाभरात बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये खोक्यांची राजधानी मनामा उभी राहिली. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमधल्या तीन पवनचक्क्यासुद्धा कागदी बशा कापून बसवल्या. शेजारच्या गृहस्थांचा मुलगा लढायला आला, त्याचे वडील सूचना द्यायला.

नव्या राक्षसाची कारागिरी थोर, पण ती पाहून पोरांचे हात शिवशिवत नाहीत. जुना राक्षस मात्र आपलं सगळं गुपित उघडं टाकून म्हणायचा, जमेल तुलाही. म्हणूनच मनामा उद्ध्वस्त करायच्या ऐन मुहूर्तावर लेकीने घरात येऊन विचारलं, “बाबा, तुमच्या योगाच्या चटईची शेपटी केली तर चालेल?”