ध्यान आणि घमेलें

तरुणांना पुढारी बनविण्याचे वर्ग आतां गांवोगांव निघाले आहेत. सभेंत उभें कसें राहावें, चार माणसांवर छाप कशी पाडावी, बोलण्याचा ओघ न तुटूं देतां समोरच्याला निरुत्तर कसें करावें, हें सर्व तेथें फी घेऊन शिकवितात. या शिक्षणाचा उपयोग नाहीं असें माझें म्हणणें नाहीं. तीस वर्षें शाळेंत शिकविलेल्या बाईला वाणीची थोरवी ठाऊक असतेच. परंतु पुढारी होऊं पाहणाऱ्याला पहिले दोन दिवस गप्प बसावयास आणि नंतर मातीचीं घमेलीं वाहावयास लावणारा एक वर्ग मीं २०२५ च्या जुलैमध्यें श्रीलंकेंत पाहिला. त्याची हकीकत आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या आणि तरुणांच्याही कानांवर घालावी, म्हणून हा लेख.

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी कृषिशास्त्राची पदवीधर आहे. अनुराधपुराच्या बाजूच्या एका खेड्यांत, शेती व जमीन यांसाठीं काम करूं इच्छिणाऱ्या तरुणांचें बारा दिवसांचें शिबिर भरणार होतें. सकाळ-संध्याकाळ बौद्ध पद्धतीचें ध्यान आणि दिवसा गांवच्या तळ्याची दुरुस्ती, असा त्याचा क्रम. आमचें चौदा माणसांचें एकत्र कुटुंब. तेथें चर्चा झाल्याशिवाय दाराचें कुलूपही बदलत नाहीं. मोठे भाऊजी म्हणाले, "गाळ उपसायला समुद्र ओलांडून कशाला जायला पाहिजे? आपल्या कोंकणांतल्या तळींत काय गाळ कमी आहे?" बोलणें थट्टेचें होतें, तरी पुढें तोच प्रश्न खराखुरा उभा राहिला. मला अनुराधपुर पाहावयाचें होतेंच. पाहुणी म्हणून राहण्याची परवानगी मिळाली आणि मी पुतणीबरोबर निघालें.

अनुराधपुराची ओढ मला धर्मानंद कोसंब्यांमुळें लागली. गोव्यांत १८७६ सालीं जन्मलेला हा सारस्वत गृहस्थ बुद्धाच्या शोधांत घर सोडून निघाला आणि १९०२ सालीं सिंहलद्वीपांत जाऊन कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली शिकला. ध्यानमार्गावरील 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ बुद्धघोषाचार्यांनीं पांचव्या शतकांत याच अनुराधपुराच्या महाविहारांत रचला. त्याची नागरी लिपींतील आवृत्ति कोसंब्यांनीं संपादिली व ती १९४० सालीं मुंबईच्या भारतीय विद्या भवनानें प्रसिद्ध केली. १९४७ च्या जूनमध्यें त्यांनीं देह ठेवला तो गांधीजींच्या सेवाग्रामांत. बुद्धाचें ध्यान आणि गांधीजींचें श्रमव्रत यांचा मेळ एका मराठी माणसाच्या आयुष्यांत असा बसला होता.

श्रीलंकेंत तो मेळ एका शिक्षकानें बसविला. ए. टी. आरियरत्ने (१९३१–२०२४) हे कोलंबोच्या नालंदा महाविद्यालयांत शिकवीत असतां १९५८ सालीं आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन कनतोलुव नांवाच्या खेड्यांत गेले. तें खेडें रोडी लोकांचें, म्हणजे तेथील समाजानें सर्वांत खालीं लोटलेल्या जातीचें. शहरांतलीं शिकलेलीं मुलें त्यांच्यांत राहिलीं, त्यांच्याबरोबर श्रमलीं. त्या शिबिरापासून वाढलेली श्रमदानाची चळवळ पुढें हजारों खेड्यांत पोंचली. 'सर्वोदय' हें तिचें नांव गांधीजींपासून आलें. आरियरत्ने यांनीं विनोबांच्या भूदान-ग्रामदानाचाही अभ्यास केला होता. कुलाबा जिल्ह्यांतील गागोद्याच्या ब्राह्मण घरांत जन्मलेल्या विनोबांनीं १९५१ सालीं पोचमपल्लीस आरंभिलेल्या कार्याचें बीज असें समुद्रापलीकडे रुजलें. मात्र आरियरत्ने यांनीं उदय या शब्दाचा अर्थ जागृति असा घेतला. आधीं स्वतःची, मग कुटुंबाची, मग गांवाची, आणि पुढें देशाची व जगाची. आम्ही गेलों तें शिबिर याच परंपरेंतलें.

त्या प्रदेशांत मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पडतो आणि उन्हाळ्याचे महिनेच्या महिने जमीन कोरडी राहते. म्हणून तेथील पूर्वजांनीं ओढ्याला ठिकठिकाणीं पाळ घालून एकाखालीं एक अशीं तळीं बांधलीं. वरच्या तळ्याचें पाणी शेतें भिजवून झिरपत खालच्या तळ्यांत उतरतें. परंतु नुसती पाळ बांधून तळें टिकत नाहीं. पाण्याच्या वरच्या काठाला झाडांची दाट रांग राखतात; तिला 'गस्गोम्मन' म्हणतात. तिच्यामुळें वारा अडतो आणि पाण्याची वाफ कमी होते. तिच्याजवळ गवताचा पट्टा, 'पेरहन'. तो वाहत येणारी माती गाळून घेतो. पाळीच्या खालच्या अंगाला 'कट्टकडुव' नांवाची झाडी असते; पाझरणाऱ्या पाण्यांतला खार ती अडविते, म्हणून खालचें भातशेत वांचतें. या झाडांत एकाला 'कुंबुक' म्हणतात आणि एकाला 'मी'. जवळ जाऊन पाहतें तों एक आपला अर्जुन आणि दुसरा आपला मोह! हें सारें गांवानें मिळून राखावयाचें असतें. राखण सुटली कीं आधीं गवत जातें, मग झाडें जातात, आणि मग तळें गाळानें भरतें.

शिबिरांत पहांटे पांचाला घंटा होई. दिवा लावून सर्वजण बसत. पहिले दोन दिवस काम नव्हतें आणि बोलणेंही नव्हतें; श्वास येतो व जातो एवढें पाहावयाचें. तिसऱ्या दिवसापासून मैत्रीभावना सुरू झाली. प्रथम स्वतःचें कुशल चिंतावयाचें, मग प्रिय माणसाचें, मग ज्याच्याशीं देणें-घेणें नाहीं अशाचें, आणि शेवटीं ज्याचा राग येतो त्याचें. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या भावना पतंजलींच्या योगसूत्रांतही सांगितल्या आहेत, त्यामुळें मला त्या परक्या वाटल्या नाहींत. नवें होतें तें पुढचें. डोळे मिटून साधलेल्या मैत्रीची परीक्षा आठ वाजतां तळ्यांत उतरल्यावर होई.

कोरड्या पात्रापासून पाळीपर्यंत माणसांची रांग लागे आणि भरलेलें घमेलें हातोहात वर जाई. रांगेंत जाफन्याकडची एक तमिळ मुलगी होती, दक्षिणेकडचा एक सिंहली मुलगा होता, गांवच्या म्हाताऱ्या होत्या आणि आमचे पदवीधर पुढारीही होते. १९८३ पासून २००९ पर्यंत त्या देशांत जें युद्ध झालें त्यांत त्या मुलीच्या घरचीं दोन माणसें गेलीं होतीं. रांगेचा नियम असा कीं, हांक मारावयाची ती नात्यानें. म्हाताऱ्या बाईला 'अम्मा', धाकट्या भावाच्या वयाच्या मुलाला 'मल्ली', मोठ्या बहिणीसारखीला 'अक्का'. हा 'अक्का' शब्द सिंहलींत आहे, तमिळींत आहे आणि मराठींतही आहे. माझ्या पुतणीला तिन्ही भाषांत एकच हांक पुरे होई. संध्याकाळच्या बैठकीला 'पवुल हमुव', म्हणजे कुटुंबाचा मेळावा म्हणतात. एकत्र कुटुंबांत जन्म काढलेल्या मला त्या नांवाची मौज वाटली आणि थोडी धास्तीही. कारण कुटुंब म्हटलें कीं प्रेमाबरोबर जुनीं उणींदुणींही आलींच.

तीं निघालींच. एका वृद्ध शेतकऱ्यानें आपलें शेत वाढवीत वाढवीत पाळीखालची झाडी तोडून तो पट्टा भाताखालीं आणला होता, आणि खालच्यांचीं शेतें खारावूं लागलीं होतीं. शिबिरांतल्या तरुणांचें रक्त तापलें. त्यांनीं नकाशा काढला, नियम शोधले, आणि मेळाव्यांत म्हाताऱ्याला उभा करून जाब विचारावयाचें ठरविलें. शिबिरांतील वृद्ध भिक्षूंनीं त्यांस मनाई केली नाहीं. ते इतकेंच म्हणाले कीं, उद्यां सकाळच्या मैत्रीभावनेंत शेवटचें माणूस म्हणून त्यालाच घ्या, दिवसभर रांगेंत त्याच्या शेजारीं उभे राहा, आणि जें विचारावयाचें तें परवां विचारा.

माझी पुतणी त्याच्या डाव्या हाताला उभी होती. एका मुलानें दुभाष्याचें काम केलें. म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे पोटासाठीं परगांवीं गेलेले. २०२१ सालीं सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो हुकूम मागें घेतला गेला, परंतु त्या हंगामाचें पीक बुडावयाचें तें बुडालें. झालेलें कर्ज फेडण्यासाठीं त्यानें झाडीवर कुऱ्हाड घातली होती. तळें किती खोल खणावें हेंही त्यानेंच मुलांना दाखविलें. वरचा मऊ गाळ तेवढा काढावयाचा. खालच्या चिकणमातीच्या थराला कुदळ लागली तर तळें पाणी धरीत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मेळाव्यांत जाब विचारला गेला, पण आवाज चढला नाहीं. म्हाताऱ्यानें सगळा पट्टा सोडला नाहीं. पाळीलगतची दहा हात रुंदीची जमीन त्यानें झाडांसाठीं मोकळी करून दिली, आणि त्याबदल्यांत खालच्या शेतकऱ्यांनीं त्याच्या पेरणीला माणसें देण्याचें कबूल केलें. ऑक्टोबरच्या पावसांत लावण्यासाठीं मुलांनीं कुंबुकाचें बीं पिशव्यांतून पेरून ठेवलें.

ध्यानानें त्या तरुणांचा राग गेला असें मी म्हणणार नाहीं. राग आणि कृति यांच्यामध्यें एक दिवस उभा राहिला, इतकेंच झालें. आणि पुढाऱ्याला बहुधा तेवढ्या एका दिवसाचीच उणीव असते. खतबंदीच्या हुकुमामागें जमिनीच्या आरोग्याचाच हेतु सांगितला गेला होता. पण शेतकऱ्याच्या शेजारीं एक दिवस उभें राहून तो निघाला नव्हता. काषाय वस्त्रानें हें आपोआप साधतें असेंही कोणीं समजूं नये. द्वेषाचीं भाषणें करणारे भिक्षू त्याच देशांत निघाले आहेत.

परत आल्यावर थोड्याच आठवड्यांनीं गणपतीसाठीं आम्ही सारे कोंकणांतल्या घरीं जमलों. तेथील आमची भातशेती १९४८ च्या कूळकायद्यानें कसणाऱ्यांकडे गेली, तें न्यायाचेंच झालें. उरली ती दोन एकरांची बाग, अकरा एकर डोंगरउतार आणि गाळानें भरलेली तळी. मुंबईचें एक गिऱ्हाईक भूखंड पाडून बंगले बांधण्यासाठीं चांगली किंमत देऊं करीत होतें. मोठ्या भाऊजींची बाजू कच्ची नव्हती. राखणदाराचा पगार अंगावर पडे, बागेचें उत्पन्न नांवाला, आणि माझ्या यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठीं काढलेलें कर्ज अजून फिटावयाचें होतें. त्या विक्रींत सर्वांत अधिक गरज कोणाची असेल तर ती आमचीच होती.

पुतणी म्हणाली, "मोठे काका, बोलण्याआधीं दहा मिनिटें सगळे गप्प बसूं या का?" भाऊजी हंसले, पण बसले. नंतर तिनें प्रत्येकाला एवढेंच विचारलें कीं, या जमिनीनें तुम्हांला काय दिलें आणि तुम्हीं तिला काय दिलें. नव्वदीच्या सासूबाई म्हणाल्या, "नव्या नवरीपणीं मीं तळीचें पाणी वाहिलें. आमची पायरी निराळी, कुळांच्या बायकांची निराळी. गाळ मात्र दरवर्षीं त्याच काढायच्या." यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुतणी जुन्या कुळाच्या घरीं जाऊन जेवली. तेथल्या आजींनीं तिच्याबरोबर येऊन तळीचा जिवंत झरा कोणत्या कोपऱ्यांत आहे तें दाखविलें, आणि परततांना त्या आमच्या माजघरांत सासूबाईंच्या शेजारीं बसून चहा प्यायल्या. त्या घरांत असें पूर्वीं घडल्याचें मला आठवत नाहीं.

मला विचारलें तेव्हां मीं सांगितलें कीं, कर्ज खरें आहे आणि तळीही खरी आहे. अखेर रस्त्यालगतचा दीड एकर विकून कर्ज फेडावें, उरलेली जमीन तीन वर्षें पुतणीच्या हातीं द्यावी, तिनें दरवर्षीं कुटुंबापुढें हिशोब ठेवावा, आणि मग पुन्हां विचार करावा, असें ठरलें. तीन वर्षांनीं काय होईल तें आज कोणीं सांगावें? येत्या वैशाखांत गाळ काढण्याचें नक्की झालें आहे. रांगेंत दोन्ही घरचीं माणसें असतील, आणि मोठ्या भाऊजींनीं घमेल्यांचा खर्च आपल्याकडे घेतला आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांची अशी कोठें तरी जमीन असेल, बंद घर असेल, बुजलेली विहीर असेल. ती राखावी कीं विकावी, हें ज्याचें त्यानें आपल्या परिस्थितीप्रमाणें ठरवावें. परंतु त्या बैठकींत घरांतल्या तरुण मुलींना आणि मुलांना बसवून घ्यावें. बोलण्याआधीं दहा मिनिटें सर्वांनीं मिळून गप्प बसावें. आणि त्या मातींत ज्यांचे हात राबले त्यांनाही एकदां विचारावें, एवढें मात्र आग्रहानें सांगावेंसें वाटतें.