डिस्क चांगली होती

पडद्यावर एक ओळ आली असती, तर आमचा अख्खा हंगाम वाचला असता. संगणकाला आपण का मंदावलो हे ठाऊक होतं. त्यानंच तसं ठरवलं होतं. पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी याचा मला राग येतो.

सांगलीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. श्री-लिपी, पेजमेकर, लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. 2005 च्या पुरात मशीनं वरच्या मजल्यावर नेली, पाणी ओसरल्यावर खाली आणली, उघडून पुसली, जोडली, सुरू केली. सगळी चालू झाली म्हणून देवाला नारळ फोडला. त्यातलंच मुख्य मशीन, ज्यावर अंकाची मांडणी व्हायची, ते थोड्या दिवसांत जड झालं. फाइल सेव्ह करायला सांगितलं की माउसचा बाण धक्के खात सरकायचा. गाणं लावलं असेल तर ते तुटक वाजायचं. पूर्वी चहा येईपर्यंत चार फर्मे छापून काढायचो, आता एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. संपादक दुपारी प्रुफं न्यायला येऊन बसत. त्यांना काय सांगणार? त्यात भारनियमन. वीज असेल तेवढ्या तासांतच काम, आणि ते तास हे मशीन खाऊन टाकत होतं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माणूस ओळखीचा, कष्टाळू. त्यानं व्हायरस शोधला, डीफ्रॅग लावून रात्रभर ठेवलं, मग म्हणाला, “ताई, फॉरमॅट मारावं लागेल.” मारलं. आणि मशीन खरोखर पळायला लागलं. आठवड्याभरात पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पळालं, पुन्हा बसलं. मग त्यानं निकाल दिला: हार्डडिस्क गेली. ऐंशी जीबीची नवी घेतली, तेव्हा ती अडीच हजारांच्या घरात होती. जुनी चाळीसची त्यानं “खराबच आहे, देतो काहीतरी बदल्यात” म्हणून थोडे पैसे कापून घेतली आणि पिशवीत टाकली. नवी डिस्क छान चालली. घटस्थापनेच्या सुमारास तीही रांगायला लागली. आता तो म्हणाला, “मदरबोर्ड असणार.”

मोठ्या बहिणीचा मुलगा तेव्हा वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला आला तेव्हा मी नुसतं बोलून दाखवलं. त्यानं टास्क मॅनेजर उघडला, एक फाइल कॉपी करायला लावली आणि म्हणाला, “मावशी, हे बघ. साधी फाइल हलतेय आणि प्रोसेसर पार वर टेकलाय. डिस्कच्या कामात प्रोसेसर एवढा कशाला पडेल?” मग डिव्हाइस मॅनेजर, त्यात आयडीई कंट्रोलर, त्यात प्रायमरी चॅनल. तिथं दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत लिहिलेलं, ‘डीएमए उपलब्ध असल्यास’. खालच्या चौकटीत, म्हणजे प्रत्यक्षात काय चाललंय तिथं: ‘पीआयओ मोड’.

हे समजून घ्यायला मला संध्याकाळ लागली, पण ते सांगितल्याशिवाय माझा राग कळणार नाही. डीएमए पद्धतीत डिस्कवरचा मजकूर प्रोसेसरला न अडवता थेट मेमरीत जातो. आमच्या डिस्कच्या जोडणीला त्यात सेकंदाला 100 एमबीपर्यंत मुभा होती. पीआयओ त्याच्या आधीची, जुन्या काळातली पद्धत. तिथं प्रत्येक सेक्टरचे 512 बाइट प्रोसेसर स्वतः दोन-दोन करून उचलतो. त्याची कागदावरची कमाल मर्यादा सोळा एमबीच्या आसपास, आणि प्रत्यक्षात मिळतं त्याहून कितीतरी कमी. म्हणून बाण अडखळत होता, गाणं तुटत होतं.

आणि विंडोज एक्सपी या जुन्या पद्धतीवर का गेली? डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पट्टीच्या केबलमधून जाताना मजकूर बिघडला, तर सीआरसी नावाच्या पडताळणीत ते कळतं आणि तो पुन्हा पाठवला जातो. इथवर उत्तमच. पण एक्सपी या चुका मोजत जायची. सहा झाल्या की वेग एक पायरी खाली. चुका चालूच राहिल्या की आणखी खाली, शेवटी पीआयओ. या सहा चुका सलग व्हायला हव्यात असंही नाही. मधे लाखो वेळा मजकूर बिनचूक गेला, तरी मोजणी शून्यावर येत नसे! मायक्रोसॉफ्टनं पुढं यावर रजिस्ट्रीत टाकायची एक नोंद जाहीर केली. कामगिरी सुरळीत झाली तर आकडा पुसायचा, अशी. ती माहीत असणाऱ्यानं आपल्या हातानं टाकायची. सांगलीतल्या डीटीपीवाल्यांना ती कोण सांगणार होतं?

आता फॉरमॅटचं कोडं सुटलं. विंडोज नव्यानं टाकली की मोजणीची वही कोरी व्हायची. मशीन पळायचं, चुका साठायच्या, मशीन बसायचं. नव्या डिस्कचंही तेच झालं, कारण केबल जुनीच होती. भाच्यानं कॅबिनेट उघडलं. ऐंशी तारांची ती पट्टी डिस्कच्या पिंजऱ्याच्या पत्र्याखाली दाबली जाऊन घडीवर चिरली होती, बहुधा पुरानंतरच्या जोडाजोडीत. त्यानं नवी केबल लावली, डिव्हाइस मॅनेजरमधून प्रायमरी चॅनल काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजनं चॅनल नव्यानं ओळखला आणि डीएमए परत आला. केबल पन्नास रुपयांच्या आत मिळाली. तो अंक वेळेत गेला, पण दोन कामं तोवर दुसरीकडे गेली होती.

दुरुस्तीवाल्यावर मी बरीच वर्षं चिडून होते. आता वाटतं, त्याला तरी काय दिसत होतं? फॉरमॅट मारला की गुण येतो हे त्याच्या डोळ्यांसमोर दर वेळी सिद्ध होत होतं. खोटं बोलणारा माणूस तो नव्हता. पण एवढं म्हणूनही जुन्या डिस्कपाशी माझं मन अडतं. ती तपासली असती तर खुद्द डिस्कनंच साक्ष दिली असती. स्मार्ट नावाची नोंदवही डिस्कच्या आतच असते. तिच्यात पाचव्या क्रमांकाला बदललेले सेक्टर, 197 ला संशयित सेक्टर आणि 199 ला केबलमधल्या सीआरसी चुका. पहिले दोन शून्य आणि 199 वाढता असेल, तर डिस्क धडधाकट आणि वाट खराब. तो आकडा विंडोज पुसली तरी पुसला जात नाही. नवीवर आम्ही पाहिला तेव्हा नेमकं हेच चित्र होतं. जुनी मात्र मी मागायला गेले तोवर विकली गेली होती, आमच्या गिऱ्हाइकांच्या फायलींसकट.

पट्टीच्या केबली गेल्या, साटाच्या आल्या, चुकांची मोजणी आजही 199 वरच असते. गुपचूप मंदावणंही संपलेलं नाही. 2020 साली उघड झालं की डिस्क बनवणाऱ्या कंपन्या काही मॉडेलांत कौलांसारखे एकमेकांवर सरकवलेले ट्रॅक वापरत होत्या आणि ते खोक्यावर सांगत नव्हत्या. अशा डिस्कवर सलग पुष्कळ लिहायला गेलं की वेग कोसळतो, कारण एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. पैसे मोजणाऱ्याला हे आधी कळायला नको?

तेव्हा मशीन मंदावलं तर आधी 199 बघा आणि केबल बदला. ती सगळ्यात स्वस्त आहे. आणि कुणी डिस्क खराब ठरवलीच, तर ती दुकानात सोडून येऊ नका. ती तुमची आहे, आणि तिच्यातला मजकूरही.