दोन खिळ्यांवरची दोन ब्लेड

अब्बांच्या पश्चात फर्निचरचे दुकान आम्हा दोघा भावांकडे आले, तेव्हा टेबल करवतीला एकच ब्लेड होते. 10 इंची, 24 दात्यांचे. सागाच्या फळ्या उभ्या चिरायला ते उत्तम. दाते कमी म्हणून त्यांच्यामधल्या खाचा मोठ्या. भुसा भराभर निघतो, लाकूड करपत नाही. आम्हांला वाटायचे, सागाला जे पुरते त्याला प्लाय काय जड?

मोहल्ल्यातल्या एका खालांनी लेकीच्या लग्नासाठी कपाट सांगितले. टीक प्लाय त्यांनीच आणून दिला. आम्ही तो त्याच ब्लेडने कापला, आणि घाईत चांगली बाजू खाली राहिली. उलटून पाहिले तर दाराच्या कडेला टवकेच टवके!

प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. कसाही कापा, काही थर आडवेच कापले जातात. विरळ दाते तिथे तंतू कापण्याऐवजी उचकटतात. त्यासाठी 60 ते 80 दात्यांचे, आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला तिरकी धार दिलेले ब्लेड लागते.

धाकटा म्हणाला, "भुसा नि गोंद भरून पॉलिश मारू. खालांना कळणारही नाही."

खरेच कळले नसते. पण गिऱ्हाइकाचे लाकूड ही अमानत आहे, हे आम्ही अब्बांकडून लहानपणापासून ऐकलेले. संध्याकाळी दोघेही खालांच्या दारात उभे राहिलो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत. पण लग्न वीस तारखेला आहे, बाळांनो."

नवा प्लाय आमच्या खर्चाने आणला, 80 दात्यांचे ब्लेडही. इशाच्या नमाजनंतर बसून कपाट वेळेत दिले. त्या कामात चार पैसे सुटले नाहीत.

आता दुकानात दोन खिळ्यांवर दोन ब्लेड टांगलेली असतात. बदलताना आधी प्लग काढतो. टेबल करवतीवर प्लायची चांगली बाजू वर ठेवतो. हातातल्या गोल करवतीचे दाते खालून वर येतात, म्हणून तिथे ती खाली. कापायच्या रेघेवर चिकटपट्टी लावतो. प्लायमधला गोंद धार लवकर मारतो; करवत जोर मागू लागली की रेटत नाही, ब्लेड धारेला पाठवतो.

ते बिघडलेले दार आमच्याच स्वयंपाकघरात फळी झाले आहे. अम्मी त्यावर बरण्या ठेवते. टवके भरलेले नाहीत.